कोंडगाळीच्या भातातल्या उदबत्त्या

परशरामाला कुणी आळशी म्हटलं तर तो रागवायचा नाही. तो त्या माणसाला कट्ट्यावर बसवून घ्यायचा, पानाची चंची पुढं करायचा आणि आळस आणि श्रद्धा यांतला फरक समजावून सांगायचा. माणसानं पेरावं, बाकीचं वरच्यानं बघावं, यावर त्याचा विश्वास होता. वरच्यानं बघण्याच्या कामात ढवळाढवळ करायला तो कधीच गेला नाही. खानापूरच्या रानात, लोंढ्यापासून पायवाटेनं सकाळभराच्या अंतरावर कोंडगाळी नावाची वाडी आहे, तिथं ओढ्याकाठची सगळ्यात चांगली खाचरं बापानं त्याच्या हवाली केली होती. ती खाचरं तरीही पिकत होती, यावरून वरचा खरोखर बघत असावा.

पाऊस धरला की बायका गुडघाभर चिखलात वाकून भांगलण करायच्या आणि परशराम डोक्यावर इरलं घेऊन बांधावर उभा राहायचा. त्याचा आवाज मोठा गोड होता. भजनात तो पुढं असायचा आणि शेतातही तो तेच करायचा, म्हणजे पुढं उभं राहून सांगायचा. ‘‘त्ये बघ, तिकडं ऱ्हायलं.’’ ‘‘मुळासकट काढ, अंबुबाई.’’ खाचरातलं तण बायका काढत, पण बांधावरचं गवत काढायचं काम गड्याचं. तिथं गडी एकच होता, आणि तो बोलण्यात गुंतलेला असायचा. त्यामुळं परशरामाच्या बांधावर माणसाच्या कमरेला लागेल असं गवत माजलं होतं. हरळी तर होतीच, पण पाणथळ जागेत येणारं एक बारीक पानाचं, लवचीक गवतही होतं. ते बांधावरून खाली उतरून भाताच्या अंगावर रेललेलं असायचं.

त्याची बायको जयाबाई दर वर्षी म्हणायची, ‘‘अवं, त्यो बांध तरी तासा. भात कुठं संपतंय आन् गवत कुठं लागतंय, कळंना झालंय.’’

‘‘त्या गवतानं बांध धरून ठेवलाय,’’ परशराम सांगायचा. ‘‘कापलं तर बांध फुटंल. मग म्हनू नको.’’

बांधकामातलं एवढं ज्ञान घरात असताना जयाबाई काय बोलणार? ती खुरपं उचलून पुढं सरकायची.

पहिलं महायुद्ध संपून, मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेल्याला बरीच वर्षं झाली होती. त्या साली पाऊस लांबला, थांबला, पुन्हा लांबला. आश्विनात भात निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या आणि परशराम एका सकाळी हवा बघायला शेतावर गेला. बघतो तर हिरव्या लोंब्यांमधून मध्येच काही काड्या सरळ वर आलेल्या. लोंबी म्हटली की ती सुटते, झुकते, दाणे धरते. यांना फांद्या नव्हत्या, दाणा नव्हता. सगळी लोंबी आतल्या आत चिकटून एक ताठ, राखाडी-पांढरी कांडी झालेली, अगदी उदबत्तीसारखी. त्यानं एक उपटली आणि चक्क हुंगून बघितली. वास काही नव्हता.

बापाचं शेत, गावाचं नाक समजलं जाणारं शेत, आणि त्यात हे असलं. ‘बांध तासला न्हाय, आता बस बोंबलत’ असं जयाबाई म्हणणार, हे त्याला स्वच्छ ऐकू आलं. गाव हसेल ते वेगळंच. तो घाईघाईनं त्या कांड्या उपटून धोतराच्या सोग्यात लपवायला लागला, तेवढ्यात शेजारच्या खाचरातला भावकू बांधावर येऊन ठेपला.

भावकू त्याच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. साधा, कष्टाळू आणि परशरामाच्या भजनावर जीव टाकणारा. दुसऱ्याचं बोलणं तो दोन्ही कानांनी ऐकायचा आणि एकाही कानानं बाहेर सोडायचा नाही.

‘‘आण्णा, ह्ये काय वं?’’

परशरामाला उत्तर सुचलं नव्हतं. पण उत्तर सुचलं नाही म्हणून तो आजवर कधी गप्प बसला नव्हता.

‘‘उदबत्ती दिसंना व्हय तुला?’’ तो म्हणाला.

भावकूनं वाकून बघितलं. ‘‘व्हय की! उदबत्तीच हाय.’’

‘‘मग? सातेरी देवीनं लावलीया. आपल्या शेतात. आपल्या हातनं.’’

बोलून झाल्यावर परशरामाला स्वतःलाच बरं वाटलं. वाक्य चांगलं जमलं होतं. भावकूनं तिथंच चिखलात गुडघे टेकले, कपाळ बांधाला लावलं आणि उठून गावाकडं पळत सुटला. जेवणवेळेपर्यंत सगळी कोंडगाळी बांधावर होती.

नारळ फुटले. कुणीतरी ओढ्यातला एक गोटा आणून बांधावर मांडला, त्याला शेंदूर फासला. परशरामानं डोळे मिटून देवीचं एक पद म्हटलं आणि मधल्या कडव्यात त्याचा कंठ दाटून आला. ते नाटक नव्हतं. एवढ्या लोकांसमोर गाताना त्याचा कंठ नेहमीच दाटून यायचा. पद संपेपर्यंत त्याची स्वतःची पक्की खात्री झाली होती की देवी आली आहे. देवीला यायचंच असेल तर तिनं आणखी कुणाच्या शेतात यावं?

त्याच दिवशी ठरलं की बांधावर देवीची जागा झाली, तिथल्या गवताला यापुढं कुणी विळा लावायचा नाही. ठरवलं अर्थातच परशरामानं. इतकी वर्षं जे तो नुसत्या आळसानं करत होता, त्याला आता गावाची मान्यता मिळाली.

जयाबाईनं घरी आल्यावर एवढंच विचारलं, ‘‘म्हशीला वैरण कुठनं आनायची?’’

‘‘रानातनं आन.’’

‘‘म्हंजे देवी तुमच्या बांधावर आली आन् भारा माझ्या डोक्यावर.’’

‘‘असं बोलू ने गं,’’ परशराम कळवळून म्हणाला. ‘‘भाग्य लागतंय.’’

त्या साली मळणीला भात कमी भरलं. परशरामानं खळ्यावरच जाहीर केलं की देवीनं आपला वाटा घेतला. लोकांना ते पटलं. देवी घरी आल्यावर उपाशी थोडीच जाणार?

पेरणीच्या आधी वैशाखात लोक त्याच्या दारात यायला लागले. कुणाच्या हातात सूप, कुणाच्या पदराला गाठ. देवीच्या शेतातलं मूठभर बी आपल्या बियात मिसळायला हवं होतं. परशराम ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं द्यायचा. एरवी कुणाला विडीला विस्तव देताना जीव वर-खाली होणारा हा माणूस त्या वर्षी असा उदार झाला की जयाबाई दारात उभी राहून बघतच राहिली. भावकूचं मुठीवर भागेना. त्यानं घरचं जुनं, दणकट बी आणून परशरामाच्या कणगीत ओतलं आणि सगळ्या शेताला पुरेल एवढं देवीचं बी डोक्यावर घेऊन गेला. त्याची बायको शालूबाई वाटेत त्याला म्हणाली, ‘‘आपलं बी काय वाईट हुतं?’’ भावकू म्हणाला, ‘‘वाईट न्हवतं. पन त्येला देवी न्हवती.’’

ती पुढच्या आश्विनात आली. एका शेतात नाही, निम्म्या शिवारात.

कोंडगाळीत तो दसरा झाला तसा दसरा पूर्वी कधी झाला नाही. घरोघरी चढाओढ. कुणाच्या खाचरात उदबत्त्या जास्त, कुणाच्या कमी, यावरून माणसाची पुण्याई ठरायला लागली. रुक्माबाई नावाच्या एका म्हातारीच्या शेतात सगळ्या गावापेक्षा दाट उदबत्त्या निघाल्या, तर आयुष्यभर तिच्याशी न बोललेली जाऊ तिच्या पाया पडून गेली. गावचे मोठे शेतकरी मारुतीराव यांनी परशरामाचं बी घेतलं नव्हतं, कारण मारुतीराव कुणाच्या दारात जात नसत. त्यांच्या शेतात एकही उदबत्ती उगवली नाही. सगळं भात झुकलेलं, दाण्यांनी भरलेलं. मारुतीरावांना फार लागलं ते. वैशाखात त्यांनी गडी पाठवून, कुणाला कळणार नाही अशा बेतानं बी मागवलं. ते गावात सगळ्यांना कळलं.

या गोष्टीचा गवगवा लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत गेला आणि तिथून बेळगावच्या शेतकी खात्यात. तिसऱ्या वर्षी, भात निसवत असतानाच, एक साहेब आला. सुकुमार त्याचं नाव, निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेज करून नुकताच नोकरीला लागलेला. घरात कानडी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, त्यामुळं तो तिन्ही भाषांत एकाच वेळी बोलायचा. त्याला जे ठाऊक होतं ते बरोबर होतं. ते कसं सांगावं हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो बूट घालून थेट देवीच्या बांधावर चढला.

लोकांत कुजबुज झाली. साहेबाला वाटलं, लोक प्रभावित झाले.

‘‘ही उदबत्ती नव्हे,’’ त्यानं एक कांडी हातात धरून सुरू केलं. ‘‘हा रोग आहे. फंगस. बुरशी, बुरशी! भाकरीवर येते तशी. ती ताटातूनच वर चढते आणि लोंबी बाहेर पडायच्या आधीच तिला गुंडाळून टाकते. दाणाच धरू देत नाही. आता ही पांढरी आहे, पुढं हिच्यावर काळे ठिपके येतील.’’ मग त्यानं वाकून त्या पवित्र गवतात हात घातला, ते बारीक पानाचं लवचीक गवत बाजूला केलं आणि एक काडी खुडून वर धरली. लहानशी होती, पण तशीच ताठ, तशीच राखाडी. ‘‘हे बघा! गवतालाही तेच. भात नसतं तेव्हा ही बुरशी या गवतात राहते. गवत हिचं घर. गवतातून भातात, भातातून बियात, बियातून सगळ्या गावात. हे गवत काढा!’’

सगळे परशरामाकडं बघायला लागले. परशराम त्या काडीकडं बघत होता. याच बांधावर तो इतकी वर्षं उभा राहिला होता, पण पायाखाली कधी बघितलं नव्हतं. गवतालाही उदबत्ती लागते हे त्याला आजच कळत होतं.

‘‘आण्णा, ह्ये काय म्हनत्यात?’’ भावकूनं विचारलं.

एवढं गाव तोंडाकडं बघतंय म्हटल्यावर परशरामानं मान वर केली.

‘‘सायेब बरोबर बोलत्यात,’’ तो म्हणाला. ‘‘देवी भाताला बी हाय, गवताला बी हाय. देवी भेदभाव करत न्हाय. भेदभाव मानूस करतंय.’’

लोकांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं हात जोडले. सुकुमार कानडीत काहीतरी पुटपुटला, ते सगळ्यांना कळलं, कारण कानडी सगळ्यांनाच येत होती. मग कुणीतरी त्याच्या बुटांचा विषय काढला आणि साहेबाला लोंढ्याची गाडी आठवली.

गाव जिंकलं. परशराम मात्र त्या दिवसापासून बांधावर उभा राहिला की खाली बघायला लागला. आणि खाली जिकडंतिकडं तेच होतं.

त्या साली मारुतीरावांच्या शेतातही देवी प्रसन्न झाली. भावकूच्या शेतात तर तिनं हद्द केली. तिसऱ्या वर्षी पेरायला त्यानं त्याच शेतातलं बी पुन्हा ठेवलं होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी परशरामाचा बांध. लोंब्या शोधाव्या लागत, उदबत्त्या शोधाव्या लागत नव्हत्या. मळणीला पिंजराचा, नुसत्या पेंढ्याचा ढीग झाला, भाताचा झाला नाही.

कार्तिकात एका दुपारी परशराम ओसरीवर सुपारी कातरत बसला होता, तेव्हा भावकू आला आणि पायरीवर बसला. वर ये म्हटलं तरी आला नाही.

‘‘आण्णा, एक इचारायचं हुतं.’’

‘‘इचार की.’’

‘‘माझं काय चुकलं?’’

परशरामाचा अडकित्ता थांबला.

‘‘न्हाय म्हंजे,’’ भावकू सांगायला लागला, ‘‘मी मंगळवार धरतोय. नारळ दर पुनवंला देतोय. गवताला हात लावला न्हाय. पोरगं एकदा बांधावर मुतलं तर त्येला मारलं. तरी बी देवीनं माझं सगळंच घेतलं. तुमचं थोडं घेती, मारुतीरावाचं थोडं घेती. माझं सगळं. म्हंजे माझ्याच हातनं कायतरी झालंय न्हवं? तुमाला ठावं असंल. सांगा, मी फेडतो.’’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, टोमणा तर मुळीच नव्हता. परशराम वाट बघत होता की आता हा एक तरी शिवी देईल, मग आपणही चढ्या आवाजात काही बोलू. भावकू नुसता त्याच्या तोंडाकडं बघत बसला. तोंडाची एवढी धार असलेल्या माणसाला त्या दिवशी ‘बघू’ याच्यापलीकडं एक शब्द सुचला नाही.

भावकू गेल्यावर जयाबाई आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘‘शालू अंगावर पाजतीया,’’ ती म्हणाली. ‘‘निस्ता नाचना खातीया आन् रानातलं कंद उकडून. आटलंय दूध तिचं.’’ मग तिनं घरातल्या तांदळाची पाटी भरली आणि नवऱ्याला न विचारता शालूबाईकडं घेऊन गेली. परशराम जेवायला बसला आणि भाताचा पहिला घास तोंडात फिरवतच राहिला. शेवटी ताट सारून उठला.

दोन दिवसांनी त्यानं गावात सांगितलं की देवीला घंटा नाही, ती आणायला बेळगावला जातोय. लोकांना कौतुक वाटलं. पिशवीत तळाशी त्यानं भाताच्या आणि गवताच्या वाळक्या कांड्या फडक्यात गुंडाळून घेतल्या, वर भाकरी ठेवली. भाकरीवर येते तशी, असं साहेब म्हणाला होता, ते आठवून त्यानं भाकरी पुन्हा बाजूला काढली आणि वेगळ्या फडक्यात बांधली.

शेतकी खात्याच्या कचेरीत सुकुमार एकटाच बसला होता. परशरामाला दारात बघून तो आधी उठून उभा राहिला. त्याला वाटलं, बुटांचं प्रकरण पुन्हा आलं.

‘‘बसा सायेब,’’ परशराम म्हणाला, जसं काही कचेरी त्याचीच. मग फडकं सोडून कांड्या टेबलावर ठेवल्या. ‘‘ह्ये जातंय कसं?’’

सुकुमारचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. नोकरीला लागल्यापासून त्याला कुणी शेतकऱ्यानं काही विचारलं नव्हतं. सगळे ऐकून घ्यायचे आणि जायचे. त्यानं चहा मागवला, भिंगातून काळे ठिपके दाखवले, कागदावर चित्रं काढली, तीन भाषांत बोलला. परशरामाला त्यातलं निम्मं कळलं. पण तो जन्मभर लोकांना जे करायला लावत आला होता ते स्वतः आयुष्यात पहिल्यांदाच करत होता. गप्प बसून ऐकत होता.

मतलब एवढाच निघाला की बांधावरचं गवत मुळासकट काढून जाळायचं, बी दुसऱ्या गावचं आणायचं, नाहीतर पेरायच्या आधी कढत पाण्यात काही वेळ ठेवायचं, आणि शेतात उदबत्ती दिसली की काळी पडायच्या आत उपटून टाकायची.

‘‘पन गावाला कसं सांगू?’’ परशरामानं विचारलं.

‘‘खरं सांगा,’’ सुकुमार म्हणाला. तो अजून तरुण होता.

परशराम खडेबाजारात गेला आणि सांगितलं होतं म्हणून घंटा घेतली. परतीच्या गाडीत त्यानं सगळी जुळवाजुळव केली. देवी स्वप्नात येणार होती. पांढरी साडी, हिरवा चुडा. ती म्हणणार होती, ‘परशराम, माझा मुक्काम संपला, माझं आसन आता अग्नीला दे.’ वाक्य त्याला इतकं आवडलं की लोंढ्याला उतरताना त्याचे डोळे ओले झाले होते.

गावाजवळ आला तर ओढ्याकडून धूर.

तो धावत बांधावर पोचला. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा पडला होता आणि मधोमध जयाबाई उभी होती, हातात विळा, तोंडाला काजळी. नवरा गावाला गेलेला बघून तिनं सकाळपासून सगळं गवत कापलं होतं, उन्हात पसरलं होतं आणि पेटवून दिलं होतं. समोर सगळं गाव. मारुतीराव काठी आपटत होते. रुक्माबाई छाती बडवून घेत होती.

‘‘आण्णा, बघा काय केलं वैनीनं!’’ कुणीतरी ओरडलं.

‘‘व्हय, केलं,’’ जयाबाई म्हणाली. ‘‘शालूच्या पोराला दूध न्हाय. त्या सायबानं दावलं तवाच मी बघितलं हुतं, गवतात किती कांड्या हुत्या त्या. कुनाला काय करायचं त्ये करा.’’

परशरामाला सोपी वाट समोर दिसत होती. बायकोचं डोकं फिरलं, असं म्हणायचं. गाव तिला दंड करेल, ओढ्यात आंघोळ घालेल, आणि देवी पुन्हा त्याची त्याच्याकडं. त्यानं जयाबाईकडं बघितलं. तिला त्याच्याकडून कसलीच आशा नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं की त्याला कानफटात बसल्यासारखं झालं.

त्यानं पिशवीतली घंटा काढली आणि जोरात वाजवली.

‘‘देवीनं मला काल बेळगावात दर्शन दिलं,’’ तो म्हणाला. ‘‘माझा मुक्काम संपला म्हनाली. माझं आसन अग्नीला दे म्हनाली. म्या धावत आलो.’’

मारुतीराव हटले नाहीत. ‘‘दर्शन तुला बेळगावात झालं. मग जयाबाईला हितं कसं कळलं?’’

‘‘मला यायला उशीर झाला असता न्हवं,’’ परशराम म्हणाला. ‘‘गाडीचा काय भरवसा? म्हनून तिला थेट सांगितलं.’’

गाडीचा भरवसा नाही हे सगळ्यांना मान्य होतं. भावकू पुढं आला आणि त्यानं जयाबाईच्याच पायावर डोकं ठेवलं. ती एकदम मागं सरली.

घरी आल्यावर ती चुलीपुढं बसून म्हणाली, ‘‘मला कुनी काय सांगितलं न्हाय. ना सपनात, ना जागंपनी.’’

‘‘ठाव हाय मला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? वाढ जेवाय.’’

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या वैशाखात कढत पाण्याचा पहिला प्रयोग परशरामानं स्वतःच्याच बियावर केला. साहेबानं ‘कढत’ म्हटलं होतं आणि परशरामाचा स्वभाव कुठलीही गोष्ट थोडक्यात करण्याचा नव्हता. त्यानं पाणी चांगलं खदखदू दिलं. भिजत घातलेल्या बियाला मोडच फुटले नाहीत. जयाबाईनं ते वाळवलं, कांडलं आणि त्याचा उकडा तांदूळ उत्तम झाला. पुढचे चार महिने परशराम आपलं बियाणं रोज दोन्ही वेळा जेवत होता. सुकुमारनं मग सरकारी मळ्यातलं निरोगी बी पाठवलं, तो स्वतः आला आणि पाणी किती कढत हवं ते दाखवून गेला. या वेळी त्यानं बूट गावाबाहेर काढले होते.

पहिलं चांगलं बी भावकूच्या शेतात पडलं. हे परशरामानं सांगितलं नाही, जयाबाईनं ठरवलं. आणि बांध दर वर्षी स्वच्छ ठेवायचा, ही देवीची आज्ञा असल्यामुळं ती पाळण्याचं काम ज्याला दर्शन झालं त्याच्याकडंच आलं. वयाच्या पंचेचाळिशीत परशरामानं विळा हातात धरला. भर पावसात तो बांधावर वाकलेला असायचा आणि खाचरातून अंबुबाई ओरडायची, ‘‘आण्णा, तिकडं ऱ्हायलं! मुळासकट काढा!’’

दोन-तीन वर्षांत उदबत्त्या मोजक्या राहिल्या. दिसली की उपटायची, चुलीत घालायची. लोंब्या पुन्हा झुकायला लागल्या. श्रेय अर्थात परशरामानं घेतलं. कढत पाण्याची युक्ती आपलीच, साहेबानं ती आपल्याकडून लिहून घेतली, असं तो परगावच्या पाहुण्यांना सांगायचा आणि सुकुमार समोर असला तरी सांगायचा. सुकुमार हसायचा. तोवर तो तरुण राहिला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईच्या काळात, जेव्हा तांदळाच्या दाण्यादाण्याला किंमत आली होती, डोंगरापलीकडच्या एका वाडीतून परशरामाला बोलावणं आलं. तिथं शेतात देवीनं उदबत्त्या लावल्या होत्या. जुना जाणता माणूस म्हणून पहिली पूजा परशरामाच्या हातनं व्हावी अशी इच्छा होती. वाजंत्री सांगितली होती, नवं धोतर काढून ठेवलं होतं.

परशराम गेला. बांधावर चढला. खाली बघितलं, तर तेच बारीक पानाचं गवत आणि गवतात त्याच कांड्या. समोर गाव हात जोडून उभं होतं. तोंडात देवीचं स्वप्न अगदी तयार होतं, एकदा लागू पडलेलं, वापरून मऊ झालेलं. पण जमावाच्या कडेला एक माणूस उभा होता. हडकलेला, डोळे मिटलेला, ओठ पुटपुटणारा. परशरामाला त्याच्यात पायरीवर बसलेला भावकू दिसला आणि स्वप्न काही तोंडाबाहेर पडेना.

‘‘ह्यो रोग हाय,’’ तो म्हणाला. ‘‘बुरशी. देवीबिवी काय न्हाय.’’ आणि वाकून कांड्या उपटायला लागला.

भजनात पदर भिजवणारा तो आवाज त्या वाडीला ऐकायलाच मिळाला नाही. खोटं बोलला होता तेव्हा नारळ मिळाले होते. खरं एकदाच बोलला, तर पहिला दगड त्याच्या खांद्यावर बसला आणि दुसरा गुडघ्यावर. वाजंत्री थांबायचं विसरून वाजतच राहिली. परशराम साठीच्या पायांनी डोंगर उतरून, पागोटं हरवून, लंगडत कोंडगाळीत आला.

जयाबाईनं गुडघ्याला हळद लावली. ‘‘सपान पडलं म्हनायचं की वं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमास्नी येतंय की त्ये.’’

‘‘येतंय,’’ परशराम म्हणाला. ‘‘पन सपान सांगितलं की लोकं त्ये धा वर्सं धरून बसत्यात गं.’’

त्या वाडीनं पूजा केली आणि वर्षभर नाचणा खाल्ला. त्याच्या पुढच्या वर्षी तो हडकलेला माणूस एकटाच आला, कुणाला न सांगता. परशराम त्याला बांधावर घेऊन गेला, गवत दाखवलं, चुलीवर पाणी ठेवून बोटानं अंदाज शिकवला आणि जाताना बी दिलं. बोलला मात्र कमी. भावकूला याचं आश्चर्य वाटलं. आण्णाची प्रकृती बरी नसावी असं तो शालूबाईला म्हणाला.

प्रकृती खरंच बरी नव्हती. गुडघा कधी नीट झाला नाही आणि सत्तेचाळीसच्या पावसात छातीत कफ भरून परशराम गेला. खानापुरात स्वातंत्र्याचा झेंडा लागून पंधरवडाही झाला नव्हता. भांगलण ऐन भरात होती. पाऊस इतका की सरणावर पत्रे धरावे लागले. भावकूनं एक पत्रा शेवटपर्यंत सोडला नाही, हाताला चटके बसले तरी.

दहावं झाल्यावर जयाबाई शेतावर गेली. बायका खाचरात वाकलेल्या होत्या. त्यांनी तिला बसायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही. तिनं विळा घेतला आणि बांधाच्या ओढ्याकडच्या टोकाला जाऊन खाली बसली, कारण परशराम गेल्यापासून तिकडचं गवत कुणी काढलं नव्हतं.